जॅझ संगीत कसे ऐकावे

गाणे शिकविण्याची सोय पुष्कळ ठिकाणी असते. गाणे ऐकावयास मात्र सहसा कोणी शिकवीत नाही. कान आहेत म्हणजे ऐकता येते, अशी आपली समजूत असते. परंतु डोळे आहेत म्हणून वाचता येते, असे आपण म्हणत नाही. प्रथम अक्षरओळख करून घ्यावी लागते, मग शब्द लागतो, मग वाक्याचा अर्थ कळू लागतो. श्रवणाचेही तसेच आहे. पूर्वी नवे संगीत ऐकावयाचे तर ग्रामोफोनची तबकडी विकत घ्यावी लागे, नाही तर रेडिओपुढे वाट पाहत बसावे लागे. आज आपल्या वाशिंदसारख्या गावीही जगातील असंख्य ध्वनिमुद्रणे वडिलांच्या फोनवर क्षणात हाती येतात. दुर्मिळता गेली आणि तिच्या जागी निराळीच अडचण उभी राहिली. एवढ्या राशीतून निवडावे काय, आणि निवडलेले ऐकावे कसे? ह्या प्रश्नाचा विचार आम्ही येथे जॅझ नावाच्या संगीताचे उदाहरण घेऊन करणार आहोत. हे उदाहरण घेण्यास दोन कारणे आहेत. ह्या संगीतात वादकाची ओळख झाल्यावाचून श्रोत्यास फार पुढे जाता येत नाही, हे एक. आणि आपल्या प्रांताचा ह्या संगीताशी असलेला जुना संबंध आपल्या विद्यार्थ्यांस क्वचितच ठाऊक असतो, हे दुसरे.

जॅझ म्हणजे काय, हे समजावयास फार दूर जावयास नको. सकाळच्या गाडीने मुंबईस नोकरीसाठी जाणाऱ्या आपल्या पालकांस डब्यातील भजनी मंडळे परिचयाची आहेत. बुवांनी अभंगाची चाल धरावी, टाळकऱ्यांनी ती उचलावी, मध्येच ढोलकीवाल्याने एखादा तुकडा टाकावा, त्याला उत्तर म्हणून बुवांनी तीच ओळ निराळ्या वळणाने म्हणावी, आणि समेवर सर्वांनी एकत्र यावे, असा तो क्रम असतो. अभंग कालचाच असतो, ठेकाही कालचाच असतो. तरी आजचे भजन कालच्यासारखे नसते. जॅझचा गाभा हाच आहे. प्रथम सर्व वादक मिळून एक चाल वाजवितात. मग त्या चालीच्याच आवर्तनावर एकेक वादक आळीपाळीने आपल्या बुद्धीने नवी सुरावट रचीत जातो. शेवटी सर्वजण मूळ चालीवर परत येतात. आवर्तन पुष्कळदा बारा किंवा बत्तीस खंडांचे असते. चार मात्रांचा एक खंड धरला तर बारा खंडांच्या आवर्तनाच्या अठ्ठेचाळीस मात्रा होतात. आपल्या तालांच्या मानाने हे आवर्तन लांब आहे. पण बोटांनी मोजीत बसले, तर दोन-तीन वेळा ऐकल्यावर ते पकडता येते.

एक महत्त्वाचा भेद मात्र ध्यानात ठेवला पाहिजे. आपल्या रागसंगीतात तंबोऱ्याचा षड्ज अखंड राहतो आणि गवय्या त्या एका आधारावर रागाचा विस्तार करतो. जॅझमध्ये पियानो किंवा गिटार एकाच वेळी तीन-चार स्वर मिळवून वाजविते, आणि हे स्वरसमूह दर काही मात्रांनी बदलत जातात. म्हणजे वादकाच्या पायाखालची जमीनच सरकत असते, आणि तिच्यावर तोल सांभाळून त्याला चालावे लागते. नवख्या श्रोत्यास हे संगीत प्रथम गोंधळाचे वाटते, त्याचे कारण बहुधा हेच असते.

ह्या संगीताचा जन्म अमेरिकेच्या दक्षिणेकडील न्यू ऑर्लिन्स ह्या बंदराच्या शहरी, विसाव्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास झाला. आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या लोकांच्या वंशजांनी ते घडविले. शेतावरील श्रमगीते, चर्चमधील भक्तिगीते आणि मिरवणुकीतील पितळी वाद्यांचे बँड ह्या सर्वांचा त्यात संगम झाला. ह्या संगीताचा थोर ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग ह्याचा जन्म १९०१ साली त्याच शहरी अत्यंत दरिद्री घरात झाला. नववर्षाच्या रात्री रस्त्यात पिस्तुलाचा बार काढला म्हणून ह्या पोराला सुधारगृहात धाडण्यात आले, आणि तेथील मुलांच्या बँडमध्ये त्याला कॉर्नेट ह्या वाद्याचे व्यवस्थित शिक्षण मिळाले. पुढे १९२८ साली त्याने मुद्रित केलेले ‘वेस्ट एंड ब्लूज’ आजही अभ्यासिले जाते.

हे संगीत मुंबईस कसे पोहोचले, ही हकीकत आपल्या जवळची आहे. १९३५ साली लिऑन ॲबी ह्या कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादकाचा वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. त्याच्या पाठोपाठ ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ व पियानोवादक टेडी वेदरफर्ड हे आले. मायदेशी वर्णभेदाचा जाच सोसणाऱ्या ह्या कलावंतांस येथे मानाने वाजवावयास मिळाले. वेदरफर्ड तर ह्या देशातच राहिला, आणि १९४५ साली कलकत्त्यास पटकीने मरण पावला. त्यांच्या सहवासात जे भारतीय वादक तयार झाले, त्यांत गोमंतकीयांचा भरणा मोठा होता.

गोमंतकीयच पुढे का आले? त्याचे उत्तर शाळेत आहे. पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या गावोगावच्या चर्चला जोडून पॅरिश शाळा असत. तेथे लहान मुलांस प्रार्थनागीतांसाठी पाश्चात्त्य स्वरलिपी वाचावयास आणि बहुधा व्हायोलिन वाजवावयास शिकवीत. हेतू धार्मिक उपासनेचा होता. परंतु त्यातून कागदावरील संगीत घडाघडा वाचणारी मुले पिढ्यान्‌पिढ्या तयार झाली. पोटासाठी ती मुंबईस आली आणि धोबी तलावाच्या आसपास आपापल्या गावच्या ‘कूड’ नावाच्या सामायिक बिऱ्हाडांत राहू लागली. हॉटेलांतील व नाचघरांतील वाद्यवृंद त्यांच्यामुळे चालू लागले. हळदोणे येथे १९१६ साली जन्मलेले आंतोनियो शाव्हियेर वाझ हे त्यांतलेच एक. ‘चिक चॉकलेट’ ह्या नावाने ते प्रसिद्धीस आले, आणि लोक त्यांस भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले.

येथे ह्या कथेत एक मराठी नाव येते. नगर जिल्ह्यातील पुणतांबे येथे १९१८ साली जन्मलेले रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच संगीतकार सी. रामचंद्र, ह्यांनी हिंदी चित्रपटसंगीतात जॅझचा ढंग मोठ्या हौसेने आणला. भगवानदादांच्या १९५१ सालच्या ‘अलबेला’ चित्रपटाची त्यांची गाणी आजी-आजोबांस अजून तोंडपाठ असतील. त्यांतील ‘शोला जो भडके’ हे गाणे पुन्हा एकदा ऐकावे, आणि शब्दांकडे क्षणभर दुर्लक्ष करून ट्रम्पेटकडे लक्ष द्यावे. चिक चॉकलेट व त्यांचे साथीदार त्या चित्रपटात पडद्यावरही दिसतात. रागदारीचे शिक्षण घेतलेला मराठी संगीतकार आणि चर्चच्या शाळेत स्वरलिपी शिकलेले गोमंतकीय वादक एकत्र आले, तेव्हा काय निर्माण झाले ह्याचा तो उत्तम नमुना होय.

परंतु ह्या सहकार्यास एक दुःखद बाजू होती. संगीतकार पेटीवर चाल बांधी. ती स्वरलिपीत उतरून घेऊन कोणत्या वाद्याने कोठे काय वाजवावे हे ठरविण्याचे काम ‘अरेंजर’ नावाच्या मनुष्याकडे असे. सेबास्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस असे अनेक निष्णात गोमंतकीय हे काम करीत. त्यांच्या मागे वाजविणारे वादक तर कित्येक. तबकडीवर गायकाचे व संगीतकाराचे नाव छापले जाई. साथीच्या वादकांची नावे बहुधा येत नसत. जी सुरावट ऐकून आपण गाणे ओळखतो, ती वाजविणारा मनुष्य कोण हे लाखो श्रोत्यांस कधी कळलेच नाही. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस ह्यांनी प्यारेलाल ह्यांस व्हायोलिन शिकविले, आणि १९५८ साली मुंबईत भारतीय राग व पाश्चात्त्य वाद्यवृंद ह्यांचा मेळ घालून मोठा जलसा केला. त्यात लता मंगेशकर व मन्ना डे गायिले. आज हे नाव सर्वांच्या तोंडी आहे, पण ते ‘अमर अकबर अँथनी’ ह्या १९७७ सालच्या चित्रपटातील विनोदी गाण्यामुळे! प्यारेलाल ह्यांनी आपल्या गुरूच्या नावाला त्या गाण्यात जागा दिली. गाणे घरोघर गेले; गुरू कोण होता हे मात्र फार थोड्यांनी विचारले. पुष्कळ वर्षांनी ग्रेगरी बूथ ह्या संशोधकाने २००८ साली, आणि नरेश फर्नांडिस ह्या मुंबईच्या पत्रकाराने २०१२ साली ग्रंथ लिहून ह्या वादकांच्या हकीकती एकत्र केल्या. तोपर्यंत कित्येकजण निवर्तले होते.

ही जुनी उणीव आजही संपलेली नाही. फोनवर गाणे लागते तेव्हा वर एक चित्र, एक शीर्षक आणि एखादे नाव दिसते. बास कोणी वाजविला, ड्रम कोणी वाजविला, हे सहसा दिसत नाही. ते शोधावे लागते. आणि जॅझमधील नवे कलावंत व नवी ध्वनिमुद्रणे हाती लागण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग हाच शोध होय, असे आमचे मत आहे. एक ध्वनिमुद्रण आवडले म्हणजे त्यातील प्रत्येक वादकाचे नाव टिपून घ्यावे, आणि त्यांतील एकाने दुसरीकडे कोठे वाजविले आहे ते पाहावे. एका नावाचे बोट धरून दुसऱ्या नावाकडे असे जात राहावे. हा प्रवास आपण एकदा करून पाहू. आरंभ मात्र न्यूयॉर्कहून न करता बेळगावहून करू.

बेळगाव येथे १९२५ साली भानुमती शिरोडकर ह्यांचा जन्म झाला. ठुमरी व दादरा गाणाऱ्या थोर गायिका शोभा गुर्टू त्या ह्याच. त्यांचे पुत्र त्रिलोक गुर्टू १९५१ साली मुंबईत जन्मले, आणि तबल्यात प्रवीण होऊन जॅझकडे वळले. तबला आणि पाश्चात्त्य ड्रम ते एकाच बैठकीत वाजवितात. घणघणती घंटा पाण्याच्या बादलीत बुडवून तिचा स्वर वाकविण्याची त्यांची युक्ती मुलांस फार आवडेल. १९८८ साली त्यांनी ‘उसफ्रेट’ नावाची ध्वनिमुद्रिका काढली. तीत अमेरिकन ट्रम्पेटवादक डॉन चेरी आहे, आणि स्वतः शोभाताई गायिल्या आहेत. मातेचा मुरलेला आवाज आणि पुत्राचे नवे ताल एका ठिकाणी ऐकावयास मिळणे, हा योग विरळा.

त्रिलोक गुर्टू पुढे इंग्लिश गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिन ह्यांच्या त्रयीत वाजवू लागले. हे मॅकलॉफ्लिन म्हणजे मायल्स डेव्हिस ह्या विख्यात ट्रम्पेटवादकाच्या १९६९ सालच्या ‘इन अ सायलेंट वे’ ह्या ध्वनिमुद्रिकेतील गिटारवादक. त्यांनीच पुढे झाकिर हुसेन, व्हायोलिनवादक एल. शंकर व घटमवादक विक्कू विनायकराम ह्यांच्यासह ‘शक्ती’ हा संच स्थापिला. त्याची पहिली ध्वनिमुद्रिका १९७६ साली निघाली. १९७७ नंतर ह्या संचाने स्टुडिओत नवी ध्वनिमुद्रिका केली नव्हती. ती २०२३ साली ‘धिस मोमेंट’ ह्या नावाने आली, आणि तिला २०२४ साली ग्रॅमी पारितोषिक मिळाले. तीत विनायकरामांच्या जागी त्यांचे पुत्र सेल्वगणेश आहेत, व्हायोलिनवर गणेश राजगोपालन आहेत, आणि गायक आहेत शंकर महादेवन. ‘कट्यार काळजात घुसली’ ह्या २०१५ सालच्या चित्रपटात ‘सूर निरागस हो’ म्हणणारे तेच हे शंकर महादेवन. श्रीनिवास खळे ह्यांच्यापाशी ते शिकले. म्हणजे जे नाव आपण परके समजत होतो, ते आपल्या अंगणातीलच निघाले!

आता झाकिर हुसेन ह्यांचे बोट धरू. माहीमला १९५१ साली जन्मलेला हा तबलावादक १५ डिसेंबर २०२४ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे निवर्तला. त्यांची अखेरच्या वर्षांतील दोन ध्वनिमुद्रणे आम्ही विशेषेकरून सुचवितो. एक २०१९ सालचे ‘गुड होप’. त्यात डेव्ह हॉलंड ह्यांचा बास, ख्रिस पॉटर ह्यांचा सॅक्सोफोन आणि झाकिरभाईंचा तबला एवढीच तीन वाद्ये आहेत. पियानो नाही, गिटार नाही. त्यामुळे कोण काय वाजवितो हे नवख्यासही स्पष्ट ऐकू येते. आरंभ करावयाचा तर येथून करावा. दुसरे २०२२ सालचे ‘सेक्रेड थ्रेड’. त्यात वयाची ऐंशी वर्षे उलटलेले चार्ल्स लॉइड सॅक्सोफोन व बासरी वाजवितात, तरुण ज्युलियन लाज गिटार वाजवितो, आणि झाकिरभाई तबल्याबरोबर गातातही. ज्युलियन लाज आवडला तर त्याची स्वतःची २०२४ सालची ‘स्पीक टू मी’ ही ध्वनिमुद्रिका पुढे आहेच.

डेव्ह हॉलंड हे नाव नीट पाहावे. ‘इन अ सायलेंट वे’मध्ये मॅकलॉफ्लिन ह्यांच्याबरोबर बास वाजविणारे तेच हे हॉलंड. पन्नास वर्षांच्या अंतराची दोन ध्वनिमुद्रणे एका नावाने जोडली जातात, ती अशी. हॉलंड व झाकिर हुसेन ह्यांच्या ‘क्रॉसकरंट्स’ नावाच्या संचात मुंबईचे पियानोवादक लुई बँक्स, त्यांचे ड्रमवादक पुत्र जिनो बँक्स आणि गिटारवादक संजय दिवेचा हेही वाजवीत. लुई बँक्स दार्जिलिंगचे. १९८८ साली दूरदर्शनवर लागलेल्या ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ ह्या गीताच्या संगीताशी अशोक पत्की ह्यांच्या नावाबरोबर त्यांचेही नाव जोडलेले आहे. पालकांनी ते गीत शेकडो वेळा ऐकले असेल. त्यामागे एक जॅझवादक आहे, हे किती जणांस ठाऊक होते?

हॉलंड ह्यांच्याच २०१३ सालच्या ‘प्रिझम’ ह्या ध्वनिमुद्रिकेत क्रेग टेबॉर्न हा पियानोवादक आहे. त्याने २०१९ साली विजय अय्यर ह्यांच्याबरोबर दोन पियानोंची एक ध्वनिमुद्रिका केली. विजय अय्यर अमेरिकेत तामिळ आईबापांच्या पोटी १९७१ साली जन्मले. त्यांनी पदार्थविज्ञानाचा अभ्यास केला, डॉक्टरेट मिळविली, आणि पुढे हार्वर्ड विद्यापीठात संगीताचे प्राध्यापक झाले. संगीताच्या नादी लागले म्हणजे अभ्यास बुडतो, असे मानणाऱ्या पालकांनी हे उदाहरण अवश्य ध्यानात घ्यावे. अय्यर ह्यांच्या २०२४ सालच्या ‘कंपॅशन’ ह्या ध्वनिमुद्रिकेत पियानो, बास व ड्रम ही तीनच वाद्ये आहेत. बासवर लिंडा मे हान ओ ही मलेशियात जन्मलेली व ऑस्ट्रेलियात वाढलेली वादक आहे, आणि ड्रमवर टायशॉन सोरी आहेत. सोरींना त्याच वर्षी रचनाकार म्हणून पुलित्झर पारितोषिक मिळाले. येथे तीन वादकांपैकी पुढचा कोण आणि मागचा कोण, हे सांगणे कठीण आहे. बेळगावहून निघालेले आपण, केवळ नावे विचारीत विचारीत, आजच्या जॅझच्या अगदी मध्यभागी येऊन पोहोचलो.

विद्यार्थ्यांनी हा अभ्यास पुढील रीतीने करावा. पहिल्या वेळी दुसरे कोणतेही काम हाती न घेता ध्वनिमुद्रण आरंभापासून शेवटपर्यंत एकदा ऐकावे; आवडले की नाही हे लगेच ठरवू नये. दुसऱ्या वेळी हाताने मात्रा मोजून आवर्तन कोठे पुरे होते ते शोधावे. तिसऱ्या वेळी एकच वाद्य धरावे, शक्यतो बास. तो सर्वांत खालच्या स्वरात असतो, म्हणून कानाआड होतो. पण इमारतीचा पाया तोच आहे. चौथ्या वेळी मूळ चाल संपून वादकाची स्वतःची रचना कोठे सुरू झाली, आणि चाल पुन्हा कोठे आली, ह्या जागा टिपाव्या. मग वहीत ध्वनिमुद्रिकेचे नाव, साल, आणि प्रत्येक वादकाचे नाव व वाद्य लिहावे. महिन्यास एक ध्वनिमुद्रिका ह्या प्रकारे ऐकली तरी पुरे. शंभर गाणी कानांवरून नुसती वाहू देण्यापेक्षा बारा ध्वनिमुद्रिकांशी वर्षभरात ओळख झालेली बरी.

पालकांपैकी काहींस वाटेल की, आपल्या मुलांस आपले संगीतच पुरते ठाऊक नाही. त्यात हे परदेशी खूळ कशाला? ही शंका रास्त आहे. परंतु आमचा अनुभव असा की, एका संगीतात सावध झालेला कान दुसऱ्या संगीतातही सावध राहतो. जॅझमधील बासवादकाचे नाव विचारण्याची सवय ज्याला लागली, तो गावच्या भजनातील ढोलकीवाल्याचेही नाव विचारील. आपल्याकडे त्या नावांची स्थिती स्टुडिओतील गोमंतकीय वादकांहून फारशी निराळी नाही. लग्नसराईत बेंजो वाजविणारा, ठाकर मंडळींच्या नाचाला ढोल धरणारा, सप्ताहात रात्रभर मृदंगावर बसणारा, ह्यांच्या वाजविण्यावर सारा गाव डोलतो, पण ते कोणापाशी शिकले, किती वर्षे वाजवीत आहेत, हे कोणी लिहून ठेवलेले नसते.

म्हणून वहीची दोन पाने करावी. उजव्या पानावर दूरदेशीच्या वादकांची नावे लिहावी; डाव्या पानावर आपल्या गावच्या वादकास भेटून, त्याची परवानगी घेऊन, त्याचे नाव, वाद्य आणि गुरू ह्यांची नोंद करावी. वाशिंद, शहापूर, मुरबाड ह्या टापूतील अशा नोंदींची एखादी नीटनेटकी वही कोणा विद्यार्थ्याने वर्षअखेर आणून दिली, तर पुढील अंकात तिला आम्ही आनंदाने जागा देऊ.